कुलाचार सांगलीत, संसार परदेशात: सणवारांचा भार कोणी उचलायचा?

कृष्णाकाठ (सांगली)

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. शेतीचा सातबारा, देवघर आणि कुलदैवत अजून एकत्र आहे. माणसे मात्र पांगली आहेत. धाकटे दीर आणि जाऊबाई न्यू जर्सीत, नणंदबाई मेलबर्नमध्ये, आणि पालीच्या खंडोबाचा टाक, गौरींचे मुखवटे, नवरात्राचे घट या सर्वांची जबाबदारी थोरली सून म्हणून माझ्याकडे. ही तक्रार नाही. देवाचे करायला मला आवडते, आणि ज्यांना आवडत नाही त्यांनी ते केलेच पाहिजे असा माझा आग्रहही नाही. श्रद्धा खरी की खोटी हा वाद या धाग्यात कृपया आणू नये. मला विचारायचे आहे ते श्रमांच्या वाटणीबद्दल.

भाद्रपद जवळ आला की परदेशातून फोन सुरू होतात. "ताई, इकडच्या दिनदर्शिकेत चतुर्थी मंगळवारी आहे, तुमच्याकडे बुधवारी कशी?" "ज्येष्ठा नक्षत्र कामाच्या दिवशी आले आहे, शनिवारी गौरी जेवल्या तर चालेल का?" हे प्रश्न जाऊबाई विचारतात, नणंदबाई विचारतात. दीर कधीही विचारत नाहीत. दीर आरतीला टाळ धरतात आणि छायाचित्रे पाठवतात.

गेली काही वर्षे मला एक गोष्ट खटकते आहे. सांगलीत आम्ही पुष्कळ गोष्टी सोप्या करून घेतल्या आहेत. पुरणपोळ्या घरपोच मिळतात, उकडीचे मोदक सांगून ठेवता येतात, नऊवारी शिवलेली मिळते, आणि वटपौर्णिमेला वडापर्यंत न जाता बाजारातील फांदी आणणाऱ्या बायकाही काही कमी नाहीत. मात्र व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीचे ताट दिसले की आमच्याच घरातील वडीलधाऱ्या बायका त्यात पंचामृत आहे का, सोळा भाज्यांपैकी किती झाल्या, हे पाहू लागतात. जी सूट आम्ही स्वतःला केव्हाच दिली ती दूरच्या सुनेला द्यायला आमचे मन तयार होत नाही. ती तिकडे टिकवते आहे याचे आम्हांला कौतुक आहे, आणि त्या कौतुकाचा भार तिच्यावर पडतो.

जुनी रीत अशी की घर एकत्र असेल तर कुलाचार थोरल्या घरी एकदाच होतो आणि भाऊ विभक्त झाले की ज्याचा त्याने करायचा. आमची वाटणी झालेली नाही, पण चूल तर समुद्रापलीकडे वेगळी पेटली आहे. अशा वेळी दोन्ही ठिकाणी सर्व काही व्हायलाच हवे का? हे कोणी ठरवायचे? ज्यांच्या घरी असा प्रश्न आला त्यांनी काय केले, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

मिरजेची माहेरवाशीण (न्यू जर्सी)

ताई, तुमच्या जाऊबाईंच्या जागी मी आहे असे समजून उत्तर देते.

मी लग्न होऊन येथे आले तेव्हा एच-४, म्हणजे तात्पुरत्या नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावर आलेल्या पत्नीला नोकरी करण्यास मुळीच परवानगी नव्हती. मे २०१५ पासून ती मिळू लागली, तीही पतीच्या ग्रीन कार्डचे काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचले असेल तरच. त्याआधीची वर्षे माझ्यासारख्या अनेक अभियंता, वाणिज्य पदवीधर, शिक्षिका असलेल्या बायकांनी घरात बसून काढली. पती सकाळी कामावर जात असे आणि माझ्याकडे 'आपली संस्कृती' हे खाते आपोआप आले. पगार नाही, पण निदान काही तरी माझ्या हातून होते आहे असे वाटायचे. मिरजेत असताना मी सोमवारही धरला नव्हता. येथे श्रावणातले सगळे वार धरले. त्यात भक्ती किती आणि रिकामपण किती, याचा हिशेब मी आजही नीट मांडू शकत नाही, आणि पुढे नोकरी लागल्यावरही ते सुटले नाही, कारण तोवर 'यांच्याकडे सगळे साग्रसंगीत असते' अशी आमच्या घराची ख्याती झाली होती.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची आहे, आणि ती तिकडून दिसत नाही. आमच्या मिरजेच्या घरी दीड दिवसाचा गणपती असे. मोदकांना शेजारच्या दोन काकू येत, आत्या खोबरे खवत असे, पत्री मामा आणत, आणि आई त्या सर्वांची व्यवस्था पाहत असे. आमचे बहुतेक सणवार चार-पाच बायका घरात आहेत असे गृहीत धरूनच बसवलेले आहेत. गौरी आणतानाच पाहा: एकीने बाहेरून मुखवटा घेऊन यायचे, दुसरीने उंबऱ्यावर दूध-पाणी घालून पाय धुवायचे, "गौर कशाच्या पावलांनी आली" असे विचारायचे आणि पहिलीने "सोन्याच्या पावलांनी आली" असे सांगायचे. एकट्या बाईने हे कसे करावे? मी बरीच वर्षे विचारलेही स्वतः आणि उत्तरही स्वतःच दिले. आता मुलगी उत्तर देते, तिच्या अमेरिकन उच्चारांत.

बाकी तपशील तुम्हांला माहीत असतीलच. संक्रांत ते रथसप्तमी या काळातील सर्व शनिवार-रविवार हळदीकुंकवासाठी मैत्रिणींमध्ये आधीच वाटून घेतलेले असतात. मंडळाचा गणपती शाळेच्या भाड्याच्या सभागृहात बसतो. होमाच्या धुराने अग्निसूचक यंत्र वाजू नये म्हणून आधी इमारतीच्या व्यवस्थापकाला कळवावे लागते. शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित करतो आणि माती झाडांना घालतो. यातील प्रत्येक गोष्टीत मला आनंदही मिळतो, हे नमूद केले नाही तर चित्र एकांगी होईल. फक्त सांगलीतून कोणी "आमच्या दृष्टीने एवढे पुरे आहे" असे एकदा स्पष्ट म्हटले, तर त्या आनंदाला धाप लागणार नाही. आम्ही स्वतःहून कमी केले तर तो आळस ठरतो. तुम्ही कमी करायला सांगितले तर ती रीत ठरते.

पंचांगवाचक (वाई)

मूळ लेखातील दोन मुद्द्यांना उत्तर देतो.

पहिला मुद्दा तिथीचा. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतरावर ठरते, त्यामुळे ती जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. पण कोणता सण कोणत्या दिवशी करायचा हे त्या त्या गावाच्या सूर्योदयावर, मध्यान्हावर किंवा चंद्रोदयावर अवलंबून असते. गणेश चतुर्थी मध्यान्हव्यापिनी, म्हणजे ज्या दिवशी मध्यान्ही चतुर्थी असेल ती, घेतात. २०२५ मध्ये भारतीय वेळेनुसार चतुर्थी २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास सुरू झाली आणि २७ ऑगस्टला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. त्यामुळे सांगलीला २७ तारखेच्या मध्यान्ही चतुर्थी होती. न्यू जर्सीचे घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तेथे चतुर्थी २६ च्या पहाटे साडेचारच्या आसपास लागून २७ च्या सकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. तेथील मध्यान्ह २६ तारखेलाच सापडते. तुमच्या जाऊबाईंचा मंगळवार बरोबर आणि तुमचा बुधवारही बरोबर. ज्येष्ठा गौरींचे व्रत नक्षत्रप्रधान आहे, अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळावर विसर्जन. तेथेही स्थानिक वेळ पाहावी लागते. सांगलीत छापलेली दिनदर्शिका भिंतीवर लावून मेलबर्नमध्ये संकष्टीचा चंद्रोदय पाहू नये.

दुसरा मुद्दा कुलाचाराचा. अविभक्त भावांचे देव-पितरांचे कृत्य थोरल्याच्या हातून एकत्र होते आणि विभक्त झाल्यावर वेगवेगळे, हा धर्मशास्त्रातील जुना आणि सर्वमान्य नियम आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या 'धर्मसिंधू'वर आपल्याकडचे व्यवहारातील बहुतेक निर्णय आधारलेले असतात. आजारपणात किंवा अडचणीत व्रताला प्रतिनिधी चालतो, ही सोयही आपल्या परंपरेतच आहे. पूजेत तर पावलोपावली सवलत आहे. वस्त्र नसेल तर "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणतो, अलंकार नसेल तर "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणतो, आणि काहीच नसेल तर मानसपूजा आहे. तांदळाच्या चार दाण्यांवर शेला आणि मुकुट मान्य करणारा देव सोळाव्या भाजीसाठी अडून बसेल असे मला वाटत नाही. अडून बसतात ती माणसे.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की वाटणी झालेली नसेल तर सांगलीत झालेला कुलाचार सर्वांचा झाला. तिकडे जे होईल ते हौसेचे आणि भक्तीचे. त्याला कर्तव्याचे ओझे लावण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

आपले आभार. हा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला आहे. सासूबाईंनी "वाईकर म्हणतात म्हणजे असेल" एवढेच म्हटले, पण नाही म्हटले नाही.

गलाईवाल्यांची सून (खानापूर तालुका, सध्या कानपूर)

परदेश म्हणजे केवळ अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया नव्हे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातील खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातील हजारो कुटुंबे सोने-चांदी आटवण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. केरळातील गल्लीपासून पंजाबच्या सराफ बाजारापर्यंत विट्याकडचा माणूस सापडतो. त्यांच्या बायकांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आमच्याकडे व्हिसाची अडचण नाही, पण परमुलुखातील सून म्हणून येणारे प्रश्न फारसे वेगळे नाहीत.

आमच्या शेजाऱ्यांचा श्रावण आमच्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. त्यांची वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येला असते आणि आपली पौर्णिमेला. शेजारणी आमच्या श्रावणाच्या अखेरीस विचारतात की, तुमचे सोमवार अजून संपले कसे नाहीत. पुढे करवा चौथ येते. ती आपली नव्हे, पण संपूर्ण गल्लीतील बायका चाळणीतून चंद्र पाहत असताना आपणच जेवून बसणे बरे दिसत नाही, म्हणून आमच्यातील बहुतेक जणींनी तीही धरली आहे. अशा प्रकारे गावाकडचे एकही व्रत सुटले नाही आणि तिकडचे वाढले. पुरुषांच्या वाट्याला अशी भर कधी आल्याचे मला आठवत नाही.

वर्षातून एकदा गावी येणे मात्र सर्वांनाच हवेहवेसे असते. विजयादशमीला विट्यात रेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत होते, तेव्हा दूरदूरची गलाई कुटुंबे येतात. पुरुष शर्यतीला जातात, मित्रांना भेटतात, जमिनीचे व्यवहार पाहतात. बायका बंद घराचे कुलूप काढून आधी चार बादल्या धूळ काढतात, मग घट उठवतात आणि मग पुरणाला बसतात. मला त्यातून एकच पालट करता आला. आमच्या भावकीतील सर्व घरांचा दसऱ्याचा स्वयंपाक आता एकत्र होतो, आचारी लावून. पहिल्या वर्षी नैवेद्य बाहेरच्या हातचा म्हणून कुरकुर झाली. दुसऱ्या वर्षी कुरकुर करणाऱ्यांनीच आचाऱ्याला आधी सांगून ठेवले.

सातारची डॉक्टर (बर्मिंगहॅम)

मी थोडा वेगळा सूर लावते, आणि तो कोणाला कडू वाटला तरी विषय सोडून नसेल.

मी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते. येथे जूनमध्ये अंधारच उशिरा पडतो आणि संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तोही ढग नसतील तर. रिकाम्या पोटी रात्रपाळी करून पाहिल्यावर मी संकष्टी सोडली. साताऱ्याला आईने काहीही म्हटले नाही. येथील मराठी मैत्रिणींनी मात्र पुष्कळ म्हटले. मूळ लेखिकेने सर्व दाब सांगलीहून येतो असे चित्र रंगवले आहे, ते माझ्या अनुभवाला धरून नाही. परगावी एकत्र आलेल्या बायका एकमेकींवर जी नजर ठेवतात ती सासूच्या नजरेहून तीक्ष्ण असते, कारण येथे प्रत्येकीला आपण काही गमावले नाही हे दुसरीला दाखवायचे असते.

हळदीकुंकवाचेच पाहा. माझे वडील गेल्यानंतर आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. त्या जानेवारीत आलेल्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणांत "काकूंनाही आणा" असे एकाही निमंत्रणात नव्हते. निमंत्रण देणाऱ्या सर्व जणी उच्चशिक्षित, बहुतेक पुण्या-मुंबईच्या. इकडे त्याच काळात, ४ मे २०२२ रोजी, सांगलीपासून फार दूर नसलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले होते. कृष्णा-पंचगंगेच्या काठचे एक खेडे पुढे गेले आणि बर्मिंगहॅमची दिवाणखान्यातली मराठी सभा मागे राहिली. गाव सोडताना जी रीत सोबत आणली तीच गावची रीत असे आम्ही धरून चालतो. गाव दरम्यान बदललेले असते.

त्यानंतर मी स्वतः हळदीकुंकू करू लागले. सर्व बायकांना बोलावते, नवरा असलेल्या, नसलेल्या, न केलेल्या. सांगलीची हळद, तिळगूळ आणि एक वाण, एवढेच. मासिक पाळीची चौकशी नाही, सोवळे नाही. पहिल्या वर्षी दोघीतिघी आल्या नाहीत, आणि त्यावाचून काही अडले नाही. मी रोज संध्याकाळी दिवा लावते. त्यापलीकडे माझ्याकडून कोणत्याही विधीची अपेक्षा ठेवू नये असे दोन्ही घरी सांगून ठेवले आहे.

कऱ्हाडच्या सासूबाई

सर्व सुनांचे ऐकले, आता एका सासूचेही ऐकावे.

आम्ही व्हिडिओ कॉलवर नैवेद्याचे ताट पाहतो त्याला तपासणी म्हणता, पण नातवंडांशी बोलायला आमच्याकडे दुसरे आहे तरी काय? त्यांची शाळा आम्हांला समजत नाही, त्यांचे खेळ समजत नाहीत. मोदक समजतो. त्याच्या कळ्या किती पडल्या हे विचारले की पोरगी दोन वाक्ये मराठीत बोलते. ती दोन वाक्ये काढण्यासाठीच आम्ही विचारतो, हे सुनांनी समजून घ्यावे.

शिवाय परदेशातील बाईच्या धर्मकर्तव्याविषयी लिहिताना सहा-सहा महिने तिकडे जाणाऱ्या आयांना आणि सासवांना विसरू नका. बाळंतपणाला आम्ही जातो, डिंकाचे लाडू आम्ही वळतो, पाचवी-बारसे आम्ही करतो, आणि तेवढ्या काळात आमची स्वतःची मंगळवारची भजने, एकादशीला विठ्ठलाच्या देवळात जाणे, गल्लीतील सर्व सुखदुःखे बंद पडतात. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, दुपारभर घरात एकटे. आमच्या बरोबरीच्या पुरुषांना कोणी बाळंतपणाला बोलावत नाही. हे मी उपकार म्हणून सांगत नाही; हिशेब मांडताय तर तो पुरा असावा एवढेच म्हणते.

मिरजेची माहेरवाशीण (न्यू जर्सी)

काकू, तुमच्या म्हणण्याने मी खरोखर थांबून विचार केला. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंनी तेव्हा पंढरीच्या वारीचा नेम मोडला होता, आणि आमच्यातील कोणीही त्याविषयी त्यांना अवाक्षर विचारले नव्हते.

दर्ग्याच्या वाटेवरची (मिरज)

माझी धाकटी बहीण लीड्सला असते. वरच्या सर्व प्रतिसादांत नावे बदलली तर आमचेच घर वाटते. रमजान उन्हाळ्यात आला की तिकडे रोजा जवळपास अठरा तासांचा होतो, आणि इफ्तारीची तयारी करणारी, सहरीला सर्वांना उठवणारी आणि दिवसा दुकानात उभी राहणारी बाई एकच असते. ख्वाजा शमना मीरांच्या उरुसाला येथे साऱ्या मिरजेत धामधूम असते, पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा असतो, गवई येऊन हजेरी लावतात. बहीण त्या दिवशी तिकडे मलिदा करते, फातिहा देते आणि शेजारच्या पंजाबी घरांत वाटते. तिच्या मशिदीतील काही बायका यालाही नावे ठेवतात, की हे शिकलेल्या मुस्लिमांचे काम नव्हे. ती म्हणते, आपा, उरूस नाही तर मी मिरजेची कशी?

जुनी पाने (सातारा)

मलिद्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. हाच शब्द बेने इस्रायल या आपल्या कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजातही आहे. नवस फेडताना, लग्न-बारशाच्या वेळी एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा यांचा मलिदा करून फळांसह ताट मांडतात. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तेथे धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, विवाहांना आडकाठी केली, आणि दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. एवढी परीक्षा होत असताना, जी प्रथा इतर ज्यूंमध्ये नाही ती सोडून देणे सोयीचे झाले असते. तरी मलिदा टिकला, आणि तो घराघरांतील बायकांच्या हातून टिकला, कारण पोहे भिजवायला कोणत्याही धर्मपीठाची परवानगी लागत नव्हती.

मॉरिशसचेही तसेच. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेण्यात आले, त्यांत कोकण आणि देशावरील मराठी माणसेही होती. आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

आणि या सर्व चर्चेत आनंदीबाई जोशी यांचे नाव यायलाच हवे. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. त्या काळी समुद्र ओलांडणे कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध, मानले जात असे. पुरुष परत आला तर प्रायश्चित्त घेऊन त्याला पंक्तीत घेत. बाईची परीक्षा मात्र तिकडेच रोज होत होती, ती काय नेसते आणि काय खाते यावर. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात, हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांना सांगावे लागले. त्यांनी ते अक्षरशः पाळले, फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी आणि शाकाहार सांभाळून मार्च १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. आचार सांभाळण्याचा किती वाटा त्यांच्या खालावलेल्या प्रकृतीत होता हे मी ठरवू शकत नाही. परदेशी गेलेल्या मराठी बाईकडून धर्म टिकवण्याची हमी आधी मागायची, ही प्रथा मात्र आपल्याकडे पहिल्या बाईपासून आहे.

संगमाजवळची लेक (मेलबर्न)

सणांविषयी सर्वांनी लिहिले आहे, म्हणून मी त्याबद्दल थोडक्यात सांगते. येथील सीमेवर जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. साताऱ्याचे कंदी पेढे, औदुंबरच्या दत्ताच्या प्रसादाची फुले, बेलाची पाने, यातील काहीही आणता येत नाही. जाहीर करावे लागते आणि ते काढून घेतले जाते. अंगारा मात्र येतो. त्यामुळे माझ्या देवघरात सांगलीहून आलेली वस्तू म्हणजे अंगाऱ्याची पुडी आणि आजीची समई.

मला लिहायचे आहे ते वेगळ्या कर्तव्याबद्दल. आम्ही दोघी बहिणीच. बाबा गेले तेव्हा मी येथे होते. पहिले विमान पकडले तरी घरी पोहोचायला दीड दिवस लागणार होता आणि बाबांना तेवढे ठेवणे शक्य नव्हते. बहिणीने अग्नी दिला. चुलतभाऊ तयार होता, गुरुजींनीही आधी त्याच्याकडेच पाहिले, पण आईने स्पष्ट सांगितले की मुलगी आहे आणि तीच करील. मी फोनच्या पडद्यावर पाहत होते. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर दहावा झाला त्याला मी पोहोचले. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा कोणी तरी म्हणाले, धाकटीचे लांब राहणे त्यांच्या मनाला लागले असेल. बहिणीने तत्काळ पुढे होऊन सांगितले की, आईची काळजी आम्ही दोघी घेऊ असे म्हणा. मी म्हटले. कावळा शिवला की नाही ते मी सांगत नाही, कारण त्यावर येथे दुसरीच चर्चा सुरू होईल.

तेव्हापासून वर्षश्राद्ध बहीण करते आणि मी त्या दिवशी येथे वृद्धाश्रमात जेवण देते. खर्चाची वाटणी केली आहे: आईची औषधे, मदतनीस बाई आणि घराची डागडुजी माझ्याकडे, डॉक्टर, बँक, श्राद्ध, आणि रात्री-अपरात्री धावून जाणे बहिणीकडे. पैशाने माझा वाटा मोठा दिसतो. कष्टाने तिचाच मोठा आहे, आणि हे मी दर वर्षी आईसमोर बोलून दाखवते. मूळ लेखिकेच्या नणंदबाई हे वाचत असतील तर त्यांनीही एकदा तसे बोलून पाहावे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांचा आक्षेप मला मान्य आहे. मी केवळ सांगलीच्या टोकाकडून लिहिले होते. कऱ्हाडच्या काकूंचे म्हणणे सासूबाईंना अर्थातच सर्वाधिक पटले, आणि त्यानिमित्ताने त्या कधी नव्हे ते स्वतः जाऊबाईंशी तासभर बोलल्या. मोदकाच्या कळ्या विचारा, ताटातील वाट्या मोजू नका, एवढा समझोता त्या दोघींमध्ये झाला आहे.

आमच्या घरी असे ठरले आहे. मुखवट्यांच्या गौरी, घट आणि चंपाषष्ठीची तळी हे सर्व सांगलीत होईल आणि ते तिन्ही घरांचे मानले जाईल. न्यू जर्सीला केवळ गणपती बसेल, दीड दिवसाचा, आणि त्याचा बाजार, पंचांग पाहणे व भांडी ही कामे दिरांकडे राहतील. त्यांनी होकार दिला आहे. तो कितपत टिकतो ते भाद्रपदात कळेल. जाऊबाईंना गौरी पूर्ण सोडणे जड वाटत होते. आमच्या शेजारी खड्यांच्या गौरी असतात, नदीतील खडे आणून पूजा करतात; तसे तिकडच्या तळ्यातील खडे आणून हळदीकुंकू वाहिले तर चालेल का, असे तिने विचारले. आमच्या कुळाची ती रीत नाही, पण सासूबाई "कर" म्हणाल्या. सांगलीतील गौरींच्या जेवणाला यंदा आमच्या गल्लीतील दोन विधवा वहिनींनाही सवाष्णींच्या बरोबरीने पानावर बसवायचे आहे. त्यावर घरात अजून एकमत नाही. मी बोलावणे मात्र करून आले आहे.

वाईच्या पंचांगवाचकांना एक विनंती आहे. मेलबर्नसाठी चंपाषष्ठी आणि नवरात्राच्या तिथी तेथील सूर्योदयानुसार काढून येथे लिहू शकाल का? नणंदबाईंना त्या दिवशी तळी भरायची नाही, पण तिकडे दिवा कधी लावायचा ते हवे आहे. आणि या वेळी ते त्यांच्या यजमानांनी विचारले आहे.